उलटी इस्त्री

पितांबर मला पहिल्यांदा भेटले तेव्हा माझ्या हातात दाभण होतं आणि तोंडात शिवी.

शिवी माझ्या लेकासाठी होती. भूपेंद्रसाठी. धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत आमचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. नवरा गेला तेव्हा भूपेंद्र अकरा वर्षांचा होता. धरणगावची शेती दिराच्या हवाली केली, पोराचा हात धरून इथं आले, आणि तीस वर्षं रुई भरून, टाके घालून ही दोन मजली इमारत उभी केली. वरच्या मजल्यावर रजयांचे गठ्ठे असायचे. लेकानं एके दिवशी ते सगळे खाली आणून टाकले आणि वर स्नूकरचं टेबल बसवलं. बारा फूट लांब, सहा फूट रुंद. तेवढ्या जागेत माझ्या दीडशे रजया मावत होत्या, हे मी त्याला रोज सकाळी चहाबरोबर ऐकवत होते.

तर त्या दिवशी कुणाच्या तरी काठीनं टेबलाचं हिरवं कापड फाटलं. दोन बोटं जातील एवढं. नवं कापड इंदूरहून यायला दिवस लागणार होते. भूपेंद्र हात जोडून माझ्यापुढं उभा राहिला. "आई, तू एक टाका घालून दे ना."

"रजया फेकताना नाही आठवली आई!" असं म्हणत, आणि पुढचं बरंच काही म्हणत, मी जिना चढले. टेबलावर ओणवी झाले, फाटलेल्या कडा बोटांनी जुळवल्या. तेवढ्यात मागून आवाज आला —

"बाई, दोरा आतून घ्या. वर गाठ आली तर बॉल उडी मारेल."

मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मला टाका शिकवणारा अजून जन्माला यायचाय."

"शिकवत नाही हो. विनवतोय."

विनवतोय! या गल्लीत मला कोणी विनवत नाही. लोक घाबरतात, नाहीतर पलीकडच्या बाजूनं जातात. मी वळले. उंच, सडपातळ माणूस. पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. केस पिंजलेल्या कापसासारखे. आणि नजर… नजर माझ्यावर नव्हतीच, माझ्या सुईच्या टोकावर होती.

टाका झाला. त्यांनी रुमालानं हात पुसला, पांढरा बॉल उचलला आणि एका बोटानं इतका हळू ढकलला, जसं निजलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं. बॉल टाक्यावरून गेला. सरळ. थरथरला पण नाही.

"त्याला कळलंच नाही," ते म्हणाले.

"कुणाला?"

"बॉलला." आणि मग ते माझ्याकडे बघून हसले. "पन्नास वर्षांपासून ओळखतो मी हे कापड. असा टाका नाही पाहिला."

माझ्या टाक्याचं कौतुक गिऱ्हाइकांनी पुष्कळ केलं होतं. पण बॉलला विचारून कौतुक करणारा हा पहिलाच. मी दाभण कमरेला खोचलं आणि खाली आले. दुकानात बसल्यावर लक्षात आलं — भूपेंद्रची शिवी अर्धीच राहिली होती.

*

पोरांना खेळ शिकवायला भूपेंद्रनं त्यांना जळगावहून आणलं होतं. त्यांचे वडील भुसावळच्या रेल्वे क्लबात बिलियर्डच्या टेबलापाशी गुण मांडायच्या कामाला. साहेब लोक जेवायला गेले की लहानगा पितांबर काठी हातात घ्यायचा. असा शिकत शिकत तो राज्याचा विजेता झाला, एकदा नाही, तीनदा. मग नोकरी आली, संसार आला, बायकोचं लांबलेलं दुखणं आलं. चोवीस वर्षांपूर्वी काठी पेटीत गेली ती गेलीच. आता बायको नाही. लेक ज्योती पुण्याला. जळगावच्या दोन खोल्यांत ते एकटे… होते, इथं येईपर्यंत.

हे त्यांनी मला सांगितलं नाही. मी भूपेंद्रकडून काढून घेतलं. विचारताना आवाज असा ठेवला, जसं नव्या भाडेकरूबद्दल विचारतेय.

दुपारी एक ते चार वरचा हॉल बंद असायचा. त्या वेळात ते एकटेच टेबलाची निगा राखायचे. आधी ब्रश, मग इस्त्री. टेबलाची इस्त्री वेगळी असते, विटेसारखी चपटी आणि जड. तिचा तो सरकण्याचा आवाज खाली दुकानात यायचा… स्स्स… स्स्स… आणि माझा टाका त्या तालावर पडायला लागला. मला रागच आला त्याचा. पहिल्या दिवशी राग घेऊनच वर गेले. हातात चहाचा कप होता, ती गोष्ट वेगळी.

"अक्का, तुम्ही कशाला त्रास घेतला?" गल्ली मला अक्का म्हणते, तेही म्हणायचे.

"त्रास कसला. उरला होता."

दुसऱ्या दिवशीही उरला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी बशी हातात घेत ते म्हणाले, "अक्का, तुमच्याकडे रोज बरोबर एकच कप कसा उरतो?"

"अंदाज चुकतो माझा. शाळा चौथीपर्यंतच झाली."

"टाक्याचा अंदाज तर चुकत नाही कधी."

"टाका शाळेत शिकवत नाहीत."

ते हसले. मी हसले नाही. निदान जिना उतरेपर्यंत तरी नाही.

एकदा म्हणाले, "या, हात लावून बघा." मी पदर सावरून टेबलाशी उभी राहिले. त्यांनी माझा तळवा कापडावर ठेवला आणि पुढं सरकवला. मऊ. मग मागं ओढला. खरखरीत. "या कापडाला बारीक केस असतात," ते म्हणाले, "मांजराच्या पाठीसारखे. सगळे एकाच दिशेला निजलेले. खेळ सुरू होतो त्या टोकापासून काळ्या बॉलच्या टोकापर्यंत. ब्रश तसाच, इस्त्रीही तशीच. उलटी कधीच नाही. उलटी फिरली की केस उठतात, बॉल जड होतो, आणि हळू मारलेला तर भलत्याच बाजूला सरकतो. आणि हे बघा, तो कूलर टेबलाकडे नका वळवू. ओल लागली की कापड सुस्त होतं."

"एवढे नखरे? नव्या सुनेचेही नसतात."

"पूर्वी नव्हते. आमच्या वेळचं कापड जाड होतं, घोंगडीसारखं. बॉल मेहनतीनं न्यावा लागायचा. माझा हात त्यावर बसलेला. आताचं कापड म्हणजे काच… नुसता श्वास लागला तरी बॉल पळतो." बोलता बोलता त्यांनी इस्त्रीची मूठ माझ्या हातात दिली आणि वरून स्वतःचा हात ठेवला. आम्ही दोघांनी मिळून ती टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली. बारा फूट. बारा फूट एवढे लांब असतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

"पितांबरभाऊ, सोडा आता हात. इस्त्री मला पेलते."

हात सुटला. पण ते म्हणाले, "भाऊ नका म्हणू."

"मग काय म्हणू? पोरं आबा म्हणतात तसं आबा?"

"आबाही नको."

"अहो, मग हाक कशी मारू तुम्हाला?"

"हाक कशाला? तुम्ही खाली नुसतं खोकलात तरी मी जिन्यात येतो."

माझे कान तापले. इस्त्रीची धग असेल. "आणि मला अक्का म्हणता ते?"

"ते कालपासून बंद केलंय, धुरपदाबाई. लक्षात नाही आलं?"

आलं होतं. दिवसभर तेवढंच तर लक्षात होतं.

*

ललित हा आमच्या गल्लीतलाच. बावीस वर्षांचा, यंदाचा राज्याचा विजेता. पोरगा उद्धट नाही, पण मनात आलेलं जिभेवर यायला त्याला वेळ लागत नाही. एप्रिल संपता संपता एका संध्याकाळी तो पितांबरांना म्हणाला, सगळ्यांच्या देखत —

"आबा, तुमच्या वेळी चाळीसचा ब्रेक, म्हणजे एका दमात चाळीस गुण झाले की टाळ्या पडायच्या. आज एकदा मी टेबलावर आलो की समोरचा खुर्चीत बसून पाणी पितो. तुम्ही मोठेच, पण आज उतरलात ना, तर पहिल्या फेरीत घरी."

मी जिन्यात होते. पायातली चप्पल हातात घ्यायचीच बाकी होती. पितांबर मात्र शांतपणे काठीच्या टोकाला खडू लावत राहिले. "असेल बाबा. खेळल्याशिवाय कसं कळणार?"

झालं! भूपेंद्रला तेवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेर फलक लागला — पितांबर विरुद्ध ललित, मे महिन्याचा दुसरा रविवार, सायंकाळी पाच, नऊ फ्रेम, म्हणजे नऊ डाव, पाच जिंकेल तो विजेता. इंदूरहून नवं कापड आलं, कारागीर आले, माझा टाका असलेलं जुनं कापड गुंडाळून कोपऱ्यात उभं राहिलं.

त्या दुपारी मी चहा घेऊन गेले तर पितांबर त्या गुंडाळीपाशी उभे होते.

"धुरपदाबाई, एक ठरवलंय मी. ज्योती वर्षभर मागे लागली आहे, पुण्याला या म्हणते. मी तिला म्हटलं, माझ्यात खेळ उरलाय का ते एकदा बघू दे. नसेल उरला, तर तू म्हणशील तिथं येऊन बसतो. म्हणजे हरलो तर पुणे."

"आणि जिंकलात तर?"

"तर धुळे." कपाच्या कडेवर त्यांचं बोट फिरत राहिलं. "आणि मग… तुम्हाला एक विचारायचंय."

"आत्ता विचारा की. मी काय पळून चाललेय?"

"नको. हरणाऱ्याच्या तोंडी ते शोभायचं नाही."

इथंच बोलायला हवं होतं मी. हरलात तरी विचारा. तीनच शब्द. या जिभेनं मी व्यापारी वठणीवर आणले, दीर गप्प केले, तहसील कचेरीतला साहेब उठवून उभा केला. पण हे तीन शब्द काही जिभेवर आले नाहीत. मी कप घेतला आणि म्हणाले, "बशी राहिली तुमच्याकडे." एवढंच.

मग आठ दिवस मी त्यांचा सराव बघत राहिले. जिन्याच्या वरच्या पायरीवरून, रजईला टाके घालत. नव्या कापडावर बॉल पळायचा. त्यांना हवा त्याच्यापेक्षा हातभर पुढं जाऊन थांबायचा. काळा बॉल पॉकेटच्या तोंडाशी जाऊन मागं फिरायचा. ते कुणाला काही बोलायचे नाहीत, नुसतं "अरे…" म्हणायचे, स्वतःशीच. शेवटच्या दिवशी त्यांनी एक सोपा बॉल घालवला, टेबलावर दोन्ही हात टेकले आणि मान खाली घालून कितीतरी वेळ तसेच उभे राहिले.

तेव्हा पहिल्यांदा मला ते म्हातारे दिसले. आणि पहिल्यांदा मला पुण्याची गाडी दिसली.

*

रविवारी दुपारी हॉल रिकामा होता. पितांबर पलीकडच्या त्यांच्या भाड्याच्या खोलीवर अंघोळ करून कपडे करत होते. त्यांनी सकाळीच कापड घासून-पुसून, इस्त्री करून, टेबलावर चादर घातली होती. भूपेंद्र मंडपवाल्याकडून खुर्च्या आणायला गेला होता. मी आतून कडी लावली.

चादर काढली. इस्त्री तापवली. आणि काळ्या बॉलच्या टोकाशी जाऊन उभी राहिले.

मग फिरवली इस्त्री. उलटी. तिकडून इकडं. स्स्स… स्स्स… त्यांनी शिकवली होती तेवढ्याच काळजीनं, एकही पट्टा न सोडता. हात फिरवून पाहिला, केस उठले होते. मग कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, त्याचं तोंड टेबलाकडे केलं आणि खुर्ची घेऊन बसले. दोन तास. गार वारा कापडावरून जात होता आणि मी बघत होते. पाप वाटलं नाही मला, खोटं कशाला सांगू. आपल्या माणसाच्या ताटात धार जास्त सोडावी तुपाची, एवढंच वाटलं. त्यांच्या काळातलं कापड त्यांना एका संध्याकाळपुरतं परत करून देतेय, असं वाटलं.

चार वाजता कूलर भिंतीकडे वळवला, चादर नीट घातली आणि साडी बदलायला खाली गेले. मोरपंखी नेसले. धरणगावहून आणलेली, तीस वर्षं पेटीत पडलेली.

पाचाला पाय ठेवायला जागा नव्हती. पितांबर काळ्या वास्कुटात आले, जुन्याच, पण बसत होतं अंगाला. माझ्या साडीकडे त्यांनी क्षणभर पाहिलं. नुसतं पाहिलं… आणि खेळ सुरू झाला.

ललितचे बॉल पोचेनात. जिथं जायला हवेत त्याच्या वीतभर अलीकडे थांबायचे. "टेबल जड लागतंय," तो कुरकुरला. भूपेंद्र म्हणाला, "नवं कापड आहे, बसायला वेळ लागतो." आणि पितांबर… काय सांगू तुम्हाला! पन्नास वर्षांपूर्वीचा पोरगा काठी घेऊन उतरला होता. बॉल जिथं म्हणतील तिथं थांबत होता. पहिली फ्रेम त्यांची. दुसरी त्यांची. तिसरीत त्रेसष्टचा ब्रेक, लोक खुर्च्यांवर उभे राहिले. ते वळले तेव्हा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. माझ्याकडे बघून त्यांनी भुवई उडवली. चक्क भुवई उडवली, भर सभेत! मी पदर तोंडाला लावला.

चौथ्या फ्रेममध्ये एक लाल मधल्या पॉकेटात घालायचा होता. सोपा. पण हळू मारायचा. त्यांनी मारला. बॉल जाता जाता, अगदी शेवटी, वळला. भलत्याच बाजूला.

"अरे…" म्हणाले नाहीत ते. उभे राहिले. मग वाकले, आणि कापडावर तळवा फिरवला. पुढं. मग मागं. मग तो तळवा स्वतःच्या गालाला लावला, ओल कळावी म्हणून. आणि मान वर करून एवढ्या गर्दीत त्यांनी मलाच शोधलं.

डोळे खाली घालायला तर मला कोणी शिकवलं नव्हतं. मी तसंच बघत राहिले. पण त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं. चेहऱ्यावरचा उजेड गेला… दिवा मालवावा तसा नाही, तेल संपून वात हळूहळू बसते तसा.

"भूपेंद्र," ते म्हणाले, "इस्त्री आण बेटा. कूलरची हवा लागलीये कापडाला. आणि झालेल्या तीन फ्रेम धरू नकोस."

हॉलमध्ये गलका झाला. ललितच पुढं आला. "आबा, असं काय करता? तीन तुमच्याच. कूलर काय तुम्ही लावला होता?"

"माझं टेबल आहे, पोरा. माझीच चूक. शून्यापासून."

आणि सगळ्यांसमोर त्यांनी स्वतः इस्त्री फिरवली. आधी ब्रश, मग इस्त्री. सुरुवातीच्या टोकाकडून काळ्याकडे. एकदा, दोनदा, दहादा. ओल निघेपर्यंत, केस पुन्हा निजेपर्यंत. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.

मग खेळले. पळत्या कापडावर, ललितच्या काळात. पाच-तीन हरले. पण त्या तीन फ्रेम… त्या कुणाच्या उपकाराच्या नव्हत्या. सातव्या फ्रेमला त्यांनी एक्क्याऐंशीचा ब्रेक केला, काचेसारख्या त्या कापडावर. ललितनं काठी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

*

गर्दी उतरली. जिन्यात ते वरच्या पायरीवर, मी खालच्या.

"मला सांगायचं तरी," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी तयारीत होते. "तीन फ्रेम मला वाटलं, हात परत आला. चोवीस वर्षांनी. तीन फ्रेम…"

"मग काय चुकलं? आनंदच झाला ना?"

हे मी बोलले. हीच जीभ.

"ललितला वाटलं मी हरेन. त्यानं ते तोंडावर सांगितलं. तुम्हाला पण तेच वाटलं, धुरपदाबाई. तुम्ही ते इस्त्रीनं सांगितलंत."

बाजूनं उतरून ते निघून गेले. माझ्या साडीच्या काठाला धक्का लागणार नाही अशा बेतानं.

सकाळी मी स्टँडवर गेले. पुण्याची एसटी फलाटाला लागली होती. त्यांच्या एका हातात बॅग, दुसऱ्या हातात काठीची लांबट पेटी. मी दिसताच त्यांनी पेटी भिंतीला टेकवली आणि वाट बघितली. मी बोलेन याची.

"तुम्ही जिंकावं असं मला वाटतच नव्हतं," मी म्हणाले.

"ते कळलं."

"नाही कळलं. बठ्ठं ऐका आधी!" रागावले की माझी खान्देशी बाहेर येते, 'सगळं'चं 'बठ्ठं' होतं. "जिंकणं-हरणं मला काय कळतं? तुम्ही पुण्याला जाऊ नये, एवढंच वाटत होतं मला. तुम्ही राहावं. इथं. बस."

फलाटावर पोरं वेफर्सच्या पुड्या विकत होती, कंडक्टर "नाशिक-पुणे, नाशिक-पुणे" ओरडत होता. ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मग एवढंच बोलायचं होतं ना."

"बोलता आलं असतं तर इस्त्री कशाला फिरवली असती?"

ते हसले. खरंच हसले, आणि चष्मा काढून पुसला. मला वाटलं… क्षणभर वाटलं…

"आता थांबलो," ते म्हणाले, "तर रोज चहा पिताना वाटेल, ही माझी कीव करते की काय. आणि तुम्हाला वाटेल, यानं मला माफ केलं की काय. आपल्या दोघांनाही ते पचायचं नाही."

"विचारायचं होतं ते?"

"हरलो ना मी."

गाडी गेली. मी हात हलवला नाही. माझ्या हातात त्यांनी काठीला लावायचा खडू वगैरे काही ठेवला नाही, तसलं काही झालं नाही. मी रिक्षानं दुकानात आले आणि पाच किलो रुईची गादी एका बैठकीत शिवली. टाके सगळे वाकडे पडले. उसवून पुन्हा शिवली.

*

दिवाळीच्या आधी ललित धावत दुकानात आला, हातात मोबाइल. पुण्याला खुली स्पर्धा होती, वयाची अट नसलेली, चौसष्ट खेळाडू. त्या पडद्यावर पितांबर होते. तेच काळं वास्कुट, आणखी जरा सैल झालेलं. पहिल्या फेरीत त्यांनी तेवीस वर्षांच्या पोराला हरवलं. दुसऱ्या फेरीत शेवटच्या फ्रेमला, शेवटच्या काळ्या बॉलवर हरले.

ललित माझ्या गादीवर मटकन बसला. "अक्का, मी म्हणालो होतो पहिल्या फेरीत घरी. चुकलो मी. आबा आजही खेळू शकतात. मी फोन करून सांगितलं त्यांना तसं."

तो सांगून मोकळा झाला. मी तिथंच बसून राहिले, दोरा ओवत. सुईचं नाक सापडेना.

दुपारी एकला हॉल बंद झाल्यावर मी ललितला म्हटलं, "लाव बरं तो नंबर. आणि बाहेर जा."

फोन वाजला. तिकडून "हॅलो" आलं. तोच आवाज. मी तयारी केली होती, दोन दिवसांची नाही तर पाच महिन्यांची. अभिनंदन म्हणणार होते, चुकले म्हणणार होते, दुसऱ्या फेरीतला तो काळा बॉल कसा सुटला असंही विचारणार होते. पण तोंड उघडलं आणि…

मी खोकले.

तिकडून आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग —

"जिना लांब आहे हो, धुरपदाबाई."

मी तोंडावर पदर धरला. फोनला दिसत नाही तरी धरला.

"कापड कसं शे?" त्यांनी विचारलं. माझ्या बोलीत, 'आहे'च्या जागी 'शे' म्हणून. कधी शिकले कोण जाणे.

"बठ्ठं सरळ शे. रोज मीच करते इस्त्री. तुमच्या टोकाकडून."

"आणि चहा? उरतो का अजून?"

"उरतो एक कप. ओतून देते."

त्यांच्या मागं लहान लेकरू रडत होतं, ज्योतीचं असेल. कोणीतरी "बाबा, याला घ्या ना जरा" म्हणालं. "आलो," ते तिला म्हणाले. आणि मग मला, अगदी हळू, बॉल ढकलावा तसं —

"ओतू नका."

फोन ठेवला. मी उठले, टेबलावर इस्त्री फिरवली, इकडून तिकडं. चहा केला. एक कप उरला. त्यावर बशी झाकून तो खिडकीत ठेवला.

चार वाजता हॉल उघडला, पोरं आली, बॉल वाजायला लागले. कप झाकलेलाच होता.